लग्नापासून झाडीपट्टीच्या नाटकापर्यंत: एडिटिंगच्या कॉम्प्युटरला परवडणारा प्रोसेसर कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात बसून लग्नं, झाडीपट्टीतली (पूर्व विदर्भातली) नाटकं, कीर्तनं, शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि यूट्यूबचे कार्यक्रम एडिट करणाऱ्यांसाठी हे पान आहे. बजेट चाळीस ते सत्तर हजारांच्या मधलं, खोलीत एसी नाही, आणि काही बिघडलं तर नागपूर किंवा अमरावती गाठण्यावाचून इलाज नाही, असं धरून लिहिलं आहे. गेमिंगवाल्यांच्या याद्या या कामाला उपयोगी पडत नाहीत. भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून रुपयांचे आकडे जवळपास टाळले आहेत. मॉडेलची नावं मात्र नेमकी दिली आहेत, ती कागदावर उतरवून दुकानात न्या.

एवढं वाचायला वेळ नाही भाऊ. एकच नाव सांगा.

इंटेल कोअर आय-फाइव्ह १२४००. मागे 'एफ' नसलेला. सोबत आठ-आठ जीबीच्या दोन रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी (जलद डिस्क). सहा कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), जानेवारी २०२२ मध्ये बाजारात आलेला. "जुना माल आहे" म्हणून दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या. फुल एचडीचं लग्न, दोन कॅमेऱ्यांचं साधं ४के, यूट्यूबचं काम, हे सगळं ग्राफिक्स कार्ड न लावताही यावर सुरू करता येतं. कार्ड सीझनचे पैसे हातात आल्यावर घ्या.

हात फारच आखडलेला असेल आणि काम फक्त फुल एचडीचं असेल, तर कोअर आय-थ्री १२१००. कोअर चारच आहेत, पण आतलं ग्राफिक्स १२४०० मधलंच, यूएचडी ७३०. आणि या धंद्यात खरी मजा त्या ग्राफिक्समध्येच आहे.

जितके कोअर जास्त तितकं एडिटिंग फास्ट, असं नाही का?

अर्धंच खरं. एडिटिंगमध्ये कॉम्प्युटरला तीन वेगळी कामं असतात आणि दुकानात तिन्ही एकाच वाक्यात गुंडाळली जातात.

पहिलं काम क्लिप उलगडण्याचं. कॅमेरा असो की मोबाइल, तो व्हिडिओ एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये आवळून ठेवतो. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. मधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि बाकीच्या फ्रेममध्ये फक्त आधीच्या-नंतरच्या चित्रापेक्षा काय बदललं त्याची नोंद. टाइमलाइनवर तुम्ही रेघ मागे ओढली की कॉम्प्युटरला मागचं पूर्ण चित्र शोधून तिथपासून हिशोब करत यावं लागतं. तेही सेकंदाला पंचवीस वेळा. दोन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं की दुप्पट. एच.२६५ असेल तर हिशोब आणखी किचकट, कारण फाइल लहान करण्याची किंमत उलगडताना मोजावी लागते.

दुसरं काम इफेक्ट, रंग, टायटल, ट्रान्झिशन. हे बरंचसं ग्राफिक्सकडे जातं, सॉफ्टवेअर कोणतं आहे त्यावर ते ठरतं. तिसरं एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढणं.

आपल्याकडच्या लोकांचा जीव जातो तो पहिल्या कामात. "प्ले दाबलं की अटकते" ही तक्रार दहातल्या आठ वेळा उलगडण्याचीच असते. या कामासाठी इंटेलच्या ग्राफिक्सवाल्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून वेगळं सर्किट आहे, त्याला क्विक सिंक म्हणतात. ते हे ओझं कोअरवर पडूच देत नाही. म्हणून चौदा कोअरचा जुना सर्व्हरचा प्रोसेसर धापा टाकतो त्या क्लिपवर सहा कोअरचा १२४०० निवांत चालतो. कोअर मोजण्याआधी आपल्या कॅमेऱ्यातून कोणती फाइल निघते ते पाहा. फाइलवर राइट क्लिक करून किंवा मीडियाइन्फो नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकून दोन मिनिटांत कळतं.

१२४००एफ थोडा स्वस्त भेटते. कार्ड तर मी लावणारच आहे, मग एफ काहून नको?

एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद केलेला प्रोसेसर. ग्राफिक्स गेलं की क्विक सिंकही गेलं. एनव्हीडियाच्या कार्डातही उलगडण्याचं सर्किट असतं आणि साध्या ८-बिट (१०-बिटपेक्षा रंगांच्या कमी छटा असलेल्या) फुटेजला ते पुरतं, त्यामुळे एफ घेतला म्हणजे बुडालात असं नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. १०-बिट ४:२:२ फुटेज आलं तर बहुतेक कार्डं हात वर करतात, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात. आणि ऐन वैशाखात कार्ड जळालं, वॉरंटीत पाठवलं, तर एफवाल्या मशीनला डिस्प्लेच येत नाही. साधा १२४०० असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा आणि काम पुढे चालू.

एक गोष्ट दुकानवाले सांगत नाहीत. कार्ड लावल्यावर कित्येक मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन इंटर्नल ग्राफिक्स किंवा आयजीपीयू मल्टी-मॉनिटर अशा नावाचा पर्याय चालू करावा लागतो. तो चालू नसेल तर क्विक सिंकचे पैसे देऊनही ते झोपून राहतं. असेंबल करून घेताना समोर उभं राहून हे करून घ्या.

हे ४:२:२ काय आहे? माझ्या कॅमेऱ्याला लागू पडतं का?

व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, रंगाची मात्र कमी ठेवतात. ४:२:० मध्ये रंगाची माहिती पाव, ४:२:२ मध्ये अर्धी. रंग जास्त खेचायचे असतील तर ४:२:२ बरं. बाकी ग्राहकाला फरक दिसत नाही.

सोनी ए-७ थ्री वापरत असाल तर तो ८-बिट ४:२:० च देतो. कुठल्याही बऱ्या प्रोसेसरवर चालेल, पुढचा प्रश्न वाचा. सोनी ए-७ फोर किंवा कॅनन आर-६ असेल आणि सेटिंगमध्ये १०-बिट ४:२:२ निवडलेलं असेल, तर मात्र लक्ष द्या. एच.२६५ मधलं १०-बिट ४:२:२ इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं क्विक सिंक सहज उलगडतं. या बजेटमधल्या एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये ती सोय नाही. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३०५०, ३०६०, ४०६० मध्येही नाही, ती आली थेट २०२५ च्या ५० मालिकेत. म्हणजे महागडं कार्ड घालूनही जी क्लिप अटकते ती १२४०० वर कार्डाशिवाय पळते.

एच.२६४ मधलं १०-बिट ४:२:२ मात्र या इंटेललाही झेपत नाही. पॅनासॉनिक जीएच-५ वाल्यांना हा अनुभव आहेच. सोनीवर एक्सएव्हीसी एस निवडलं की एच.२६४ मिळतं आणि एक्सएव्हीसी एचएस निवडलं की एच.२६५. १०-बिट शूट करायचंच असेल तर एचएस निवडा. हजारो रुपयांचा प्रश्न कॅमेऱ्याच्या मेनूतच मिटतो.

खरं सांगायचं तर मांडवातल्या हॅलोजनच्या उजेडात एस-लॉग (सोनीचं फिकं, नंतर रंगवायचं फुटेज) शूट करून शेवटी त्यावर एकच लट (रंगांची तयार फाइल) टाकून पेनड्राइव्ह देणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ८-बिट ४:२:० वर शूट केलं तर कॉम्प्युटर, हार्ड डिस्क आणि झोप, तिन्ही वाचतील.

रायझन खराब आहे का?

अजिबात नाही. तुमच्याकडे आधीपासून एएम-४ (रायझनचा जुना सॉकेट) चा बोर्ड असेल, समजा बी ४५० आणि त्यावर जुना रायझन ३ किंवा २६००, तर इंटेलकडे पाहूच नका. बायोस अपडेट करा आणि रायझन ५ ५६०० किंवा आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स बसवा. बोर्ड तोच, रॅम तीच. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे चढले आहेत ते पाहता घरची रॅम वाचणं ही मोठी बचत आहे. फक्त बायोस अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करा. आधी काढला आणि नवीन घातला तर मशीन चालूच होणार नाही.

५६०० ला आतलं ग्राफिक्स नाही, कार्ड लागेलच. ५६००जी ला आहे, आणि फुल एचडीला तो चांगला आहे. पण त्याचं ग्राफिक्स मेन रॅमवर जगतं, म्हणून सोळाची एक रॅम न लावता आठ-आठच्या दोन लावा. एव्ही-१ (एच.२६५ सारखाच, पण नवा प्रकार) फाइल तो हार्डवेअरवर उलगडत नाही.

रायझन ५ ७६०० या सगळ्यांत जोरदार. त्याला डीडीआर-५ रॅम आणि एएम-५ बोर्ड लागतो, म्हणजे नुसत्या प्रोसेसरचा भाव पाहून भुलू नका, तिन्ही मिळून बेरीज करा. बेरीज बसत असेल तर घ्या.

मी एडियसवर काम करतो. फरक पडतो का?

पडतो. आपल्याकडे लग्नाच्या कामात एडियसचं राज्य आहे, तयार प्रोजेक्टही त्याचेच फिरतात. एडियस मुळात प्रोसेसरवर चालणारं सॉफ्टवेअर आहे आणि एच.२६४, एच.२६५ साठी ते क्विक सिंकवर भिस्त ठेवतं. एडियसवाल्याने एफ नसलेला इंटेलच घ्यावा. महागड्या कार्डात पैसे घालू नयेत, ते पैसे १२५०० किंवा १३५०० कडे वळवावेत. त्या दोघांत यूएचडी ७७० ग्राफिक्स आहे आणि उलगडण्याची इंजिनं एकाऐवजी दोन, मल्टिकॅमला त्याचा फायदा होतो.

प्रीमिअर प्रो क्विक सिंकही वापरतं आणि कार्डही. मधला मार्ग: १२४०० आणि नंतर साधं कार्ड.

दाविंची रिझॉल्व्हचं गणित उलटं आहे. ते कार्डावर जगतं. मोफत आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंत एक्स्पोर्ट देते, आपल्या कामाला भरपूर झालं, पण हार्डवेअरने उलगडण्याची पूर्ण ताकद पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीतच खुलते. रिझॉल्व्ह चालवायचं तर प्रोसेसरवर थोडं कमी आणि कार्डावर थोडं जास्त खर्च करा. विंडोजचे पैसे वाचवायला कोणी लिनक्सवर मोफत रिझॉल्व्ह टाकायचा सल्ला दिला तर त्याला आधी एक एमपी-४ उघडून दाखवायला सांगा. लिनक्सच्या मोफत आवृत्तीत एच.२६४ चालत नाही.

आय-सेव्हनचा कॉम्प्युटर पंधरा हजारात भेटते म्हणतात. घेऊ का?

कोणत्या पिढीचा आय-सेव्हन, हे विचारा. ४७९० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी, १२४०० मधले पहिले १२ म्हणजे बारावी. शहरातल्या ऑफिसांतून निघालेली चौथ्या ते सातव्या पिढीची मशीनं घासून-पुसून खेड्यापाड्यांत येतात, डब्यावर आय-सेव्हनचं स्टिकर चमकत असतं. चौथ्या पिढीचं क्विक सिंक एच.२६५ उलगडतच नाही. सहाव्यात ८-बिटपर्यंत, सातव्यात १०-बिट ४:२:० आलं. आयफोनचं किंवा नव्या कॅमेऱ्याचं फुटेज आलं की चौथ्या पिढीचं मशीन हात टेकतं.

दुसरं असं की विंडोज १० ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीखाली अधिकृतपणे बसत नाही. सेकंड हँड घ्यायचाच तर आठवी पिढी ही खालची रेघ धरा. भजनी मंडळाचे फुल एचडी व्हिडिओ जोडायला आठव्या पिढीचा आय-फाइव्ह सहा कोअरचा आहे, तो चालतो.

चौदा कोअरचा झिऑन, बोर्ड आणि रॅमसकट स्वस्तात?

नको. ई-५ मालिकेच्या झिऑनला (इंटेलचा जुना सर्व्हरचा प्रोसेसर) ग्राफिक्स नाही, क्विक सिंक नाही, एकेका कोअरचा वेग कमी, बोर्डाला धड वॉरंटी नाही, वीज खातो ती वेगळी. थ्री-डी रेंडर करणाऱ्याला एखादवेळी परवडेल.

तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर खराब होतात म्हणे?

झाले होते. जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू कमकुवत होण्याचा दोष मुख्यतः वरच्या आय-सेव्हन आणि आय-नाइनमध्ये दिसला. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून दुरुस्ती दिली आणि त्या मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बाराव्या पिढीला हा दोष नाही. १३४००, १४४०० घेणार असाल तर बायोस ताजा करून घ्या आणि घ्या. सेकंड हँड १३७००के किंवा १४७००के मात्र कितीही स्वस्त भेटला तरी सोडून द्या, तो आधी कोणत्या बायोसवर किती पिळला गेला हे कळायला मार्ग नाही.

मे महिन्यात मशीन एकदम मंद होते, कधी बंदच पडते. प्रोसेसर बदलू का?

आधी खोलीकडे पाहा. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत एक्स्पोर्ट करताना ७० दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ९० च्या घरात जाणारच. १२४०० ची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्यात बाहेरच पारा ४५ च्या वर असतो आणि स्टुडिओ बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर टिनाखाली. पुण्या-मुंबईच्या यूट्यूबरने एसीत बसून केलेली टेस्ट आपल्याला लागू पडत नाही ती यामुळेच.

म्हणून आपल्याकडे ६५ वॉटवाले प्रोसेसर घ्यावेत, के अक्षराचे नाही. के वाल्यासोबत डब्यात पंखाही येत नाही आणि उष्णता दुप्पट. १२४०० सोबत पंखा येतो, रायझन ५६०० आणि ७६०० सोबतही येतो. हिवाळ्यात तो पुरतो. उन्हाळ्यात दिवसा काम करणार असाल तर एक उभा टॉवर कूलर लावा. लिक्विड कूलरच्या नादी लागू नका, पंप बंद पडला तर तालुक्यात दुरुस्ती नाही.

१२४०० चं रेटिंग ६५ वॉटचं असलं तरी जोरात असताना तो ११७ वॉटपर्यंत खेचतो. बायोसमध्ये पॉवर लिमिट ६५ वर बांधून टाका. एक्स्पोर्टला थोडा जास्त वेळ लागेल, टाइमलाइनवर काम करताना फरक जाणवणारही नाही, आणि मशीन मध्येच बंद पडणार नाही. पावसाळा लागला की पुन्हा मोकळं सोडा.

आता आपला लोखंडी कूलर. त्याची थंड हवा कॉम्प्युटरलाही मानवते, खोली दहा अंशांनी उतरली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच उतरतो. पण झोत सरळ कॅबिनेटवर घेऊ नका. नव्या ताट्या पहिले काही दिवस बारीक तुषार फेकतात, बोअरचं पाणी क्षाराचं असतं, आणि बोर्डावर पांढरा थर बसतो. कॅबिनेट झोताच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. खिडकी थोडी उघडी हवी, नाही तर ओल कोंडते.

धुळीचं म्हणाल तर ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी, मग कापसाची वेचणी, जवळ जिनिंग असेल तर रुईचे तंतू. हे सगळं हीटसिंकच्या पट्ट्यांत नमद्यासारखं बसतं. दिवाळीआधी एकदा आणि मार्चमध्ये एकदा ब्लोअर मारा. मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदला. या दोन गोष्टींनी जे काम होतं त्यासाठी लोक नवीन प्रोसेसर घेतात.

लाइन जाते, व्होल्टेज पडते. त्याचा प्रोसेसर निवडण्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. बेरीज करून पाहा. १२४०० ला जास्तीत जास्त ११७ वॉट, बोर्ड, एसएसडी, मॉनिटर मिळून आणखी पन्नास-साठ. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, त्यावर हे मशीन फाइल सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ आरामात टिकतं. त्यात आरटीएक्स ३०६० घातलं की कार्डाचे १७० वाढले आणि यूपीएस काठावर आला. बॅटरी वर्षभर जुनी असेल तर लाइन जाताच मशीनही जाईल. कार्ड लावणाऱ्याने १ केव्हीएचा यूपीएस धरूनच बजेट करावं.

घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगला पॉवर सप्लाय त्यावर कुरकुरतो, कधी ट्रिप होतो. साइन वेव्हचा हवा. अर्थिंग तपासून घ्या, कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते नाही असं समजा. आणि मृगाच्या आधी विजा कडाडायला लागल्या की प्लगही काढा आणि इंटरनेटची वायरही. वायर काढायला लोक विसरतात.

झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालते. एवढी मोठी फाइल या प्रोसेसरवर होईल का?

होईल, पण अडचण वेगळ्या जागी येईल. देसाईगंज-वडसाकडची मंडळं दिवाळीनंतर निघतात, शंकरपट आणि मंडईला (दिवाळीनंतरच्या गावजत्रेला) जोडून गावोगाव प्रयोग लागतात, आणि प्रयोग उजाडेपर्यंत चालतो. धरा पाच तासांचं शूटिंग, दोन कॅमेरे, ४के, सेकंदाला १०० मेगाबिट. एका तासाला ४५ जीबी, म्हणजे रात्रीचे ४५० जीबी. पाचशे जीबीची एसएसडी एका नाटकात संपली. शिवाय पेट्रोमॅक्सच्या जमान्यातलं नाटक आता एलईडीच्या लाल-निळ्या उजेडात होतं, ४के मध्ये त्याचं सोनं होत नाही. फुल एचडी ५० फ्रेमवर शूट करा. हिशोब तिथेच अर्ध्याखाली येतो.

एक्स्पोर्ट अंकांप्रमाणे तुकड्यांत करा. चार तास झाल्यावर लाइन गेली तर अख्खं काम पुन्हा, तुकडे असतील तर एकच अंक पुन्हा. क्विक सिंकने एक्स्पोर्ट केल्यास वेळ बराच वाचतो, पण त्याच बिटरेटला (सेकंदाला तेवढेच मेगाबिट) चित्र सॉफ्टवेअरपेक्षा किंचित कमी येतं, म्हणून बिटरेट थोडा वाढवून द्या. यूट्यूब फुल एचडीला २५-३० फ्रेमसाठी ८ मेगाबिट सुचवतं. तेवढ्यावर पाच तासांची फाइल १८ जीबीची होते. ती गावातून अपलोड करायची आहे, हे लक्षात ठेवून बिटरेट ठरवा.

प्रोसेसरवर किती आणि बाकीवर किती?

मॉनिटर सोडून जे बजेट आहे त्याचा पाव हिस्सा प्रोसेसरला, फार तर तिसरा. १६ जीबी रॅमखाली जाऊ नका. सिस्टिम आणि चालू प्रोजेक्ट एसएसडीवर, जुनी लग्नं हार्ड डिस्कवर. पॉवर सप्लाय नावाजलेल्या कंपनीचा घ्या, तिथे पाचशे रुपये वाचवणारा माणूस मी अजून सुखी पाहिला नाही. बोर्ड एच ६१० चालेल, पण त्यात रॅमच्या जागा दोनच. बी ६६० किंवा बी ७६० परवडला तर पुढे वाढवायला जागा राहते.

लॅपटॉपच घेतला तर?

लाइनीच्या दृष्टीने लॅपटॉप सोयीचा, आणि लग्नघरीच हायलाइट कापून द्यायची पद्धत सुरू झाली आहे त्यालाही. पण नाव नीट वाचा. शेवटी 'एच' असलेला घ्या, 'यू' नाही. आय-फाइव्ह १२३५यू दहा कोअरचा आहे असं सांगून विकतात, त्यात मोठे कोअर दोनच, बाकीचे आठ छोटे. १२४५०एच आठ कोअरचा, मोठे चार, आणि जास्त वेळ दम धरतो. त्याच पैशात डेस्कटॉप नेहमीच जास्त ताकदीचा येतो आणि बिघडलेला एकच भाग बदलता येतो.

मॅक मिनी?

एम-४ चा मॅक मिनी २०२४ च्या शेवटी ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅमसह. फायनल कट किंवा रिझॉल्व्हवर काम असेल तर वीज कमी, उष्णता कमी, ४:२:२ चा त्रास नाही. एडियस त्यावर चालत नाही, आतली जागा २५६ जीबीच, आणि सर्व्हिसला शहर गाठावं लागतं. एडियस सोडायची तयारी असेल त्यानेच विचार करावा.

सध्या पैसेच नाहीत दादा. जुन्या मशीनवर या सीझनचं काम कसं काढू?

प्रॉक्सी वापरा. प्रत्येक क्लिपची हलकी, लहान नक्कल करून तिच्यावर कापाकापी करायची, एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फाइल उचलतं. एडियस, प्रीमिअर, रिझॉल्व्ह तिन्हींत सोय आहे, मोफतच्या केडेनलाइव्हमध्येही आहे. नक्कल डीएनएक्सएचआर एलबी किंवा प्रोरेस प्रॉक्सीची करा, कारण त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते आणि उलगडायला सोपी. रात्री लावून झोपा, सकाळी तयार. डिस्कवर जागा लागते तेवढीच अडचण. आठव्या पिढीच्या मशीनवर अशी ४के लग्नं कापणारे आहेत आणि ग्राहकाला काडीचा फरक कळत नाही.

नागपुरातून आणू की ऑनलाइन मागवू?

प्रोसेसर ऑनलाइन मागवला तरी चालतो, बिघडण्याचं प्रमाण फार कमी. बोर्ड आणि पॉवर सप्लाय मात्र सीताबर्डीतून किंवा ज्या दुकानात तुम्ही परत जाऊ शकता तिथून घ्या. प्रोसेसर डब्यातला घ्या, त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. 'ट्रे'मधला (डब्याशिवाय सुटा) स्वस्त असतो, वॉरंटी दुकानदाराच्या तोंडची. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर मॉडेल पूर्ण लिहून घ्या, "आय-फाइव्ह प्रोसेसर" एवढंच नको. एफ आहे की नाही हे बिलावरच कळलं पाहिजे. डबा आणि बिल जपा, बिलाचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा, छापील अक्षरं वर्षभरात उडतात.

पुढे याच बोर्डवर मोठा प्रोसेसर बसेल का?

१२४०० चा सॉकेट एलजीए १७००. त्यात बारावी, तेरावी, चौदावी पिढी बसते. दोन वर्षांनी सेकंड हँड १३५०० किंवा १४५०० मिळाला तर बायोस अपडेट करून घाला, चौदा कोअर आणि दोन इंजिनांचं ग्राफिक्स मिळेल. त्यापुढच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेचा सॉकेट वेगळा आहे आणि तिला डीडीआर-५ च लागते, म्हणून तिच्यासाठी आत्ता थांबून राहू नका. तुळशीचं लग्न झालं की मांडव पडायला लागतात, मशीन त्याआधी महिनाभर हाताखाली असलेलं बरं.